पिंगळाच्या गळ्यातली घंटा

पूर्वी शोणपूर नगरात वीरबाहू राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्वाने कुत्र्याच्या योनीत जन्म घेतला आणि तो राजाच्या पागेत वाढला. अंगाचा रंग तांबूस, म्हणून सगळे त्याला पिंगळ म्हणत. पागेचा प्रमुख सोमिल नावाचा अश्वपाल होता. त्याचा घोड्यांवर फार जीव, आणि घोड्यांखालोखाल पिंगळावर. आपल्या ताटातला दूधभात तो त्याच्यासाठी काढून ठेवी.

पण या कुत्र्याची एक खोड सोमिलाला कळेना. एखादा धडधाकट घोडा असे, चंदी मनसोक्त खाणारा, खरारा केला की लखलखणारा. पिंगळ नेमका त्याच्यापुढे जाऊन बसे, त्याचे पोट हुंगे, कण्हे, आणि हाकलले तरी हलत नसे. मग काही दिवसांनी तो घोडा चारा सोडी आणि अंग टाकी. पहिल्यांदा सोमिलाने तिकडे लक्ष दिले नाही. पुन्हा तसेच झाले, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानंतर तर सगळी पागाच म्हणू लागली, की हा कुत्रा बसतो तिथे रोग बसतो.

त्या पागेची एक रीत होती. ज्या जनावरापासून रोग पसरतो, त्याच्या गळ्यात घंटा बांधायची, म्हणजे ते येताना ऐकू येते. सोमिलाने आपल्या हाताने पिंगळाच्या गळ्यात पितळी घंटा बांधली. तेव्हापासून घंटा वाजली की घोड्यांची चाकरी करणारे मोतद्दार काठ्या घेऊन धावू लागले. बिचारा मार खाई आणि पुन्हा येई.

एके दुपारी घंटा सोमिलाच्या स्वतःच्या घरात वाजली. तो धावत गेला. त्याची बायको रेवती जात्यावर बसली होती, आणि पिंगळ तिच्या डाव्या काखेत नाक खुपसून कण्हत होता.

“अहो, याला घ्या ना बाजूला,” रेवती हसत म्हणाली. “पीठ सांडतंय सगळं.”

हा कुत्रा बसतो तिथे रोग बसतो, हेच सोमिलाला आठवले. त्याने आयुष्यात प्रथमच पिंगळावर काठी उगारली आणि मारलीही. कुत्रा दातही न दाखवता तिथेच बसून राहिला. शेवटी सोमिलाने त्याला उचलले, नावेत घातले आणि नदीपलीकडच्या रानात सोडून दिले. घरी येऊन त्याने गुग्गुळाचा धूप केला. रेवतीचा चेहरा टवटवीत होता, तिची भूक चांगली होती. आता संकट टळले, असे तो स्वतःला बजावत राहिला.

इकडे पिंगळ नसतानाच पागेत दोन घोडे आजारी पडले. ते सिंधुदेशाहून नवे आलेले, दूरच्या कोपऱ्यात बांधलेले. पिंगळाने ते कधी पाहिलेसुद्धा नव्हते. सोमिलाचे डोके चक्रावले. कुत्रा नाही, घंटा नाही, मग रोग आला कुठून?

“त्याची सावली मागे राहिली असेल,” म्हातारा मोतद्दार धर्मक म्हणाला.

“सावली नदी ओलांडून येते का रे?”

धर्मक चंदीची टोपली उचलून घोड्यांकडे वळला. खरे सांगायचे तर सोमिलाला उत्तर सुचले होते, पण त्याला ते नको होते. पिंगळ रोग आणत नसेल, तर तो रोग ओळखत असला पाहिजे. आणि तो ओळखत असेल, तर रेवतीचे काय? कुत्रा दोषी ठरणेच त्याच्या सोयीचे होते. काय खरे मानावे, तेच त्याला समजेना, आणि अन्न गोड लागेना.

अशातच घंटा ऐकू आली, चिखलाने भरल्यामुळे बद्द वाजणारी. पिंगळ नदी पोहून आला होता. गप्प बसलो तर दूधभात आहे, सांगितले तर काठी आहे, हे बोधिसत्त्वाला पक्के ठाऊक होते. पण या बाईच्या हाती अजून वेळ आहे, हेही त्याला ठाऊक होते. तो काठ्यांमधून वाट काढत थेट रेवतीपाशी गेला आणि त्याने पुन्हा तिच्या डाव्या काखेला नाक लावले.

या वेळी सोमिलाने काठी टाकली आणि वैद्याला बोलावले.

“मला काही होत नाहीये, उगाच कशाला?” रेवती म्हणाली.

वैद्याने नाडी पाहिली, ती उत्तम होती. तो उठू लागला. सोमिलाने हात जोडून काखेकडे बोट दाखवले. वैद्याने तिथे चाचपले आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

“गाठ आहे. बोराच्या बीएवढी. आत्ता शस्त्र लावले तर निघेल. दुखेपर्यंत थांबला असतात, तर मी काही करू शकलो नसतो.”

गाठ निघाली. जखम भरल्यावर रेवती पुन्हा जात्यावर बसली. सोमिल पिंगळाला कुशीत घेऊन रडला आणि त्याच्या गळ्यातली घंटा सोडू लागला. रेवतीने त्याचा हात धरला.

“राहू द्या ती. फक्त आता वाजली, की काठी घेऊन धावू नका. वैद्याला घेऊन धावा.”

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, “भिक्षूंनो, आज सकाळी तुमच्यातल्या एकाला त्याच्या सोबत्याने वेळीच सावध केले, तर हा त्याच्यावरच उलटला. उलटणारा तो भिक्षू त्या वेळी सोमिल होता. त्याला समजावणारा सोबती तेव्हा रेवती होता. आणि मार खाऊनही परत येणारा तो कुत्रा मी होतो.” सभेत मागे बसलेल्या एका भिक्षूने मान खाली घातली, आणि उठून तो आपल्या सोबत्याशेजारी जाऊन बसला. शास्त्यांनी त्या दिवशी ज्या गुणाची थोरवी सांगितली, तो गुण म्हणजे क्षांती, मार सोसूनही न ढळणारी सहनशीलता.