बारावा पाट

ही फार जुन्या काळातली गोष्ट. डोंगरापायथ्याच्या एका खेड्यात एक पाथरवट राहत होता.

खेडं ख्रिस्ती होतं. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर गावातल्या बारा माणसांचे पाय धूत. देवळात बारा पाट मांडले जात. त्या पाटावर बसणं हा गावातला सगळ्यात मोठा मान. बोलावूनही जो आला नाही, त्याला पुन्हा कधी बोलावत नसत.

त्या वर्षी पाथरवटाला पाट मिळाला. आयुष्यात पहिल्यांदाच. दुपारपासून तो वजरीने टाचा घासत बसला.

“अहो, लग्नातसुद्धा पाय एवढे घासले नव्हतेत,” बायको म्हणाली.

“फादर हात लावणार. मळके पुढे करू?”

“मग त्यांनी धुवायचं काय?”

“तू गप बस.”

पायांना खोबरेल लावून, पांढरं धोतर नेसून तो निघाला. ओढ्याजवळ वाटेत एक अनोळखी म्हातारा पडला होता. दोन्ही पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. घाण वास येत होता. जखमांत अळ्या झाल्या होत्या.

“पाण्यापर्यंत ने रे बाबा,” म्हातारा म्हणाला. “पायांची आग होतेय. आता सोसत नाही.”

मागून पाटाचे आणखी दोन मानकरी आले. त्यांनी नाकाला उपरणं लावलं.

“चल की! घंटा सुरू झाली.”

“याचं काय करायचं?”

“येताना बघू. आज पाय तुझे धुवायचेत, त्याचे नाहीत!”

दोघे हसत पुढे गेले. पाथरवटही चार पावलं गेला. मग त्याची नजर खाली गेली. टाचा चकचकीत दिसत होत्या. त्याला त्यांची लाज वाटली.

तो मागे फिरला. म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन ओढ्याच्या चिखलात उतरला. काडीने एकेक अळी काढू लागला. पुसायला काही नव्हतं, म्हणून धोतर फाडलं. तेवढ्यात देवळातली घंटा थांबली. म्हणजे पाट गेला, कायमचा गेला. त्याचा हात थांबला नाही.

देवळात अकरा जण बसले होते. बारावा कुठे, असं फादरांनी विचारलं. त्या दोघांनी सांगितलं. फादर वळले. परात आणि पंचा उचलून बाहेर पडले. सगळा गाव मागोमाग निघाला.

ओढ्यावर पाथरवट गुडघाभर चिखलात होता. फादर वाकून म्हणाले, “दे, तुझे पाय दे.”

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, “माझे राहू द्या, फादर. यांचा दुसरा पाय राहिलाय.”

फादर चिखलात गुडघे टेकून बसले आणि त्यांनी तो पाय हातात घेतला.

यात चमत्कार शोधू नका. जखमा भरायला पुष्कळ महिने लागले. तोवर म्हातारा पाथरवटाच्या घरीच राहिला. पण त्या संध्याकाळी ओढ्याकाठी फादरांमागे सगळा गाव उभा होता. पाण्याचा तेवढा आवाज येत होता. ती जागा देऊळ नव्हती, नुसता चिखल होता. तरी गावातल्या एकेकाने खाली वाकून पायातल्या वहाणा काढल्या.

तात्पर्य एवढंच: प्रभूची सेवा करायची असेल, तर जो पडला आहे त्याच्यापाशी खाली बसा. मानाची जागा गेली तर जाऊ द्या.