डाव्या पंजाची नखं

गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा जंगलात गिटार कुठून आली, ते मात्र मला विचारू नका; माल हाती आला तसा पुढे देतोय.

एका डोंगरावर केस पिकायला लागलेलं एक अस्वल राहायचं. त्याची लांब नखं पाहून कुणी त्याच्याजवळ बसत नसे. निदान गाणं ऐकायला तरी चार जण येतील, म्हणून ते वानरमावशीकडे गिटार शिकायला गेलं. डाव्या पंजानं तार दाबायला जावं, तर नख आधी लाकडाला टेकायचं आणि तार नुसती खट्ट करायची.

"मावशी, या वयात नाही जमायचं."

"वयाला कशाला बोल लावतोस? डाव्या पंजाची नखं काप."

"नखं कापू? मग मला अस्वल कोण म्हणेल?"

"आत्ता म्हणतात ना सगळे? मग बसतं का कुणी जवळ येऊन?"

अस्वल उठलं. ओढ्याकाठच्या खडकावर त्यानं डावी नखं घासून काढली. मधासाठी झाडावर चढताना ते घसरून आपटलं, तारांनी बोटं सोलवटली. पण एके दिवशी तार खणखणीत वाजली! खुशीत येऊन अस्वल दुपारभर तेवढंच वाजवत बसलं.

झुडपातून ससा डोकावला. "भाऊ, दुसरं काही येतं का?"

"अजून नाही रे."

"मग हेच चालू दे."

ससा तसा चोखंदळ गिऱ्हाईक. त्यानं आधी दोन्ही पंजे नीट निरखले आणि मग अस्वलाला अगदी खेटून बसला. अर्थात, डाव्या बाजूला.