वाकडी दोरी

"पण महाराज, ही दोरी इतकी वाकडी का?"

केदारगिरी महाराज मठाच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली. रेवण उजवीकडे उभा होता, ते बघत होते डावीकडे.

"वाकडी आहे होय?" ते म्हणाले. "मला कुठं दिसतंय..."

हसावं की गप्प बसावं, हे रेवणला कळेना. पाठशाळेत न्यायशास्त्र शिकून आलेल्या माणसाला गप्प बसणं तसं जडच जातं. तरी तो गप्प बसला.

महाराजांची दृष्टी एकदम गेली नव्हती. संध्याकाळ होते तशी हळूहळू गेली. थोडाफार उजेड होता तेव्हाच त्यांनी घायपाताची दोरी वळली आणि मठाच्या दारापासून कृष्णेच्या घाटापर्यंत बांधून घेतली. कुठं झाडाला, कुठं कुंपणाला, कुठं कुणाच्या भिंतीतल्या खुंटीला. पायरी आली की दोरीला गाठ. वळण आलं की चिंधी. रोज पहाटे त्या दोरीवर हात ठेवून म्हातारा एकटा नदीवर जायचा आणि एकटा परत यायचा.

रेवणला हेच खुपत होतं. तो इथं आल्यापासून रोज पहाटे दारात हात पुढे करून उभा राहायचा. असा धडधाकट शिष्य उभा असताना महाराज त्याच्या हाताला बगल देऊन दोरी धरायचे. एका निर्जीव दोरीचा त्याला मत्सर वाटे आणि तो वाटतो याची लाजही वाटे.

"महाराज, मला उपदेश कधी देणार?"

"दोरी दोन-चार ठिकाणी कुजलीय. तेवढी बघ आधी."

"आणि मग?"

"मग तुझं बघू."

ही परीक्षा आहे, हे न कळायला रेवण काही दूधखुळा नव्हता. आणि परीक्षेत विचारलं तेवढंच लिहिणाऱ्यांतला तर तो मुळीच नव्हता.

दुपारी तो दोरीच्या कडेकडेनं निघाला. महाराज आपल्याबरोबर कुणाला येऊ देत नसत, त्यामुळे ती वाट त्यानं कधी नीट पाहिली नव्हती. दोरी दारातून निघाली ती नदीकडे पाठ करून. तेल्याच्या गोठ्याला खेटून गेली, एका चाफ्याभोवती फिरली, घरांच्या परसांतून रमतगमत कोळ्यांच्या आळीत शिरली आणि तिथून कुठं घाटाकडे वळली. मठातून हाक मारली तर ऐकू जावी एवढ्यावर नदी, आणि दोरी सगळ्या गावाला वळसा घालून जात होती.

महाराजांचे गुडघे, त्यांचं वय, पहाटेची थंडी... रेवणला म्हाताऱ्याची कणव आली. ती खरीच आली, उगाच त्याच्यावर आळ घ्यायला नको.

त्यानं काथ्याचा नवा दोर आणला. बांबू तोडून रोवले. मठाच्या दारापासून घाटापर्यंत, बाण सुटावा तसा दोर ताणून बांधला. गाठी अशा मारल्या की बैलानं ओढलं तरी सुटू नयेत. चिंध्या बांधायची गरजच नव्हती, कारण वळणच नव्हतं.

मग तो जुनी दोरी गुंडाळत निघाला.

कोळ्यांच्या आळीत एका मातीच्या भिंतीत हातभर खिडकी होती. तिथं दोरीला एक बारीक फाटा बांधलेला होता आणि तो खिडकीतून आत गेला होता. खिडकीखाली बसायला एक दगड. फाटा कशाला, हे रेवणला उमगेना. त्यानं तो ओढून बघितला.

निघेना.

पुन्हा ओढला. या खेपेला दोरी जराशी आतच गेली. एखाद्या खिळ्यात अडकली असणार, असं म्हणून त्यानं भिंतीला पाय लावला, दोन्ही हातांनी धरली आणि एक हिसका दिला.

सुटली. टोक हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं होतं, हे त्याच्या बोटांना कळलं. पण बोटांचं ऐकायला त्याला तेव्हा फुरसत कुठं होती. सगळी दोरी त्यानं न्हाणीघरामागच्या सरपणावर टाकली आणि त्या रात्री तो लहान मुलासारखा गाढ झोपला.

पहाटे धुकं असं उतरलं होतं की मठाला अंगणच उरलं नव्हतं. पायरीच्या पुढे सगळं पांढरं.

महाराजांचा हात खांबापाशी गेला, थांबला. बोटांनी दोर चाचपला.

"नवा आहे."

"काथ्याचा आहे, महाराज. पक्का. आणि सरळ."

"सरळ..."

महाराज धुक्यात शिरले. रेवण दारात उभा राहिला. पाण्याचा आवाज नेहमीपेक्षा जवळून येत होता. कुठं तरी टिटवी ओरडली. त्याला वाटलं, आपण अजून अंथरुणातच आहोत आणि हे सगळं झोपेत चाललंय. तो पुरता जागाही झाला नसेल, तोच धुक्यातून महाराज परत आले. जटांतून पाणी निथळत होतं.

"झालंसुद्धा स्नान?" रेवणला आनंद लपवता येईना.

"झालं. नदी जवळ आली."

"मी म्हटलं नव्हतं..."

"म्हाळूचं घर कुठं गेलं?"

"कोण म्हाळू?"

महाराज पायरीवर बसले, आणि हात कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा मांडीवर ठेवला. एवढा रिकामा वेळ त्यांच्या हाती रोज कधी उरत नसे.

तेवढ्यात धुक्यातून बांगड्या वाजल्या. पदर डोक्यावरून घट्ट ओढून एक बाई अंगणात आली. ती कोळ्यांच्या आळीतली हौसा. म्हाळू नावाडी तिचा सासरा. साऱ्या पंचक्रोशीला त्यानं जन्मभर कृष्णा ओलांडून दिली होती. मग अंगावरून वारं गेलं, डावा हात चालता राहिला, बाकी सगळं थांबलं. वाचाही गेली.

हौसानं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं नाही. ती तशीच उभी राहिली.

"बाबा, आमचं काय चुकलं?"

"काय झालं, हौसा?"

"मामंजींनी कालपासनं पाण्याचा घोट घेतला न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडल्यात. औषध दिलं तर थुकत्यात." तिचा आवाज घोगरा झाला होता. "काल दुपारी दोरी हलली. मामंजींचं तोंड असं फुललं, बाबा... वाटलं, आज बाबा दुपारचंच आलं. त्यांनी हिकडनं ओढली. रोज पहाटं तुम्ही भाईरनं ओढली की ओढत्यात तशी."

रेवणनं आपल्या बोटांकडे पाहिलं.

"आणि मग तुम्ही हिसकून नेलीत," हौसा म्हणाली. "तळहात सोलून निघाला त्यांचा. मागं तुकडासुदिक ऱ्हायला न्हाई, म्हंजी कापलेली न्हाई, तुटलेली न्हाई, वढून नेल्याली. न्यायची हुती तर सांगून न्यायची. ते बोलत न्हाईत, बाबा, पण ऐकत्यात की."

महाराजांनी मान खाली घातली. "चुकलं खरं..."

"महाराजांनी नाही नेली," रेवण म्हणाला. "मी नेली."

हौसानं त्याच्याकडे पाहिलं. काही बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपल्याकडे म्हणतात. पण रिकामा बैल निदान कुणाचा हात सोलत नाही.

"जुनी दोरी कुठंय?" महाराजांनी विचारलं.

"सरपणावर."

"जाळलीस?"

"नाही अजून."

"आण."

रेवणनं दोरीचं भेंडोळं खांद्यावर घेतलं. कोळ्यांच्या आळीकडे जायला आता काहीच बांधलेलं नव्हतं. महाराजांनी हात पुढे केला आणि रेवणच्या दुसऱ्या खांद्यावर ठेवला. याच गोष्टीसाठी रेवणनं इतके दिवस जीव टाकला होता. आता ती मिळाली होती, आणि दुसऱ्या खांद्यावर दोरीचं भेंडोळं होतं.

म्हाळूचं घर एका खोलीचं. रेवण उंबऱ्यातच थांबला. आत जायचा त्याला धीर होईना.

खाटेच्या वर आढ्याला एक दोर टांगला होता आणि त्याला वीत-वीत अंतरावर गाठी होत्या. म्हाताऱ्यानं एका हातानं गाठीगाठीनं वर चढत उठून बसायचं, अशी ती सोय. बाजूला पाटावर थाळी. थाळीखाली ओलं फडकं, म्हणजे एका हातानं जेवताना ती सरकायची नाही. चमच्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून चांगली जाड मूठ केलेली. हौसानं भरवलं असतं तर काम लवकर आटोपलं असतं. पण म्हाताऱ्यानं आपल्या हातानं जेवावं, मग सांडलं तरी चालेल, अशी त्या घराची रीत होती.

थाळीतला भात वाळला होता. चमचा कोरडा होता.

म्हाळू भिंतीकडे तोंड करून पडला होता. डावा हात पाठीमागं पडलेला, तळहाताला हळद लावलेली. रेवणनं तो तळहात पाहिला आणि मान फिरवली.

महाराज चाचपडत खाटेशी गेले. काठावर बसले. खाटेवरचा माणूस वळला नाही.

धुकं खिडकीतून आत येऊ बघत होतं. चुलीतलं लाकूड तडकलं. दोन म्हातारे एकमेकांच्या शेजारी होते, एकाला दिसत नव्हतं, एकाला बोलता येत नव्हतं, आणि आज त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

महाराजांनी हात मागे केला. "दोरी दे."

रेवणनं आत येऊन बारीक फाटा सोडवून दिला. महाराजांनी त्याचं गुळगुळीत टोक म्हाळूच्या हाताजवळ ठेवलं. हातात दिलं नाही, जवळ ठेवलं. दुसरं टोक त्यांनी हौसाकडे दिलं. तिनं ते खिडकीतून बाहेर सोडलं.

"रेवण, बाहेर जा. खिडकीखाली."

"मी?"

"तू."

रेवण घराला वळसा घालून गेला. खिडकीखालच्या दगडावर बसला. त्या धुक्यात भिंत नव्हती, आळी नव्हती, नदीही नव्हती. पांढऱ्यातून एक दोरी येत होती आणि त्याच्या मांडीवर संपत होती. बस, एवढंच जग उरलं होतं.

आतून आवाज आला. "ओढ."

त्यानं दोरी उचलली. ओढली... ओढली म्हणजे काय, नुसती धरली.

काही झालं नाही.

"पुन्हा."

त्यानं जराशी ओढली. दोरी सैलच होती. पलीकडे कुणी धरलेलीच नव्हती.

रेवण खिडकीशी तोंड नेऊन म्हणाला, "आजोबा, माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, खिळ्यात..."

"तोंडानं नको," महाराज आतून म्हणाले. "तोंडानं त्याला उत्तर देता येत नाही."

रेवण खाली बसला. त्यानं दोरी पुन्हा धरली आणि अगदी हळू, झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तशी, आपल्याकडे घेतली. मग थांबला.

थांबला. नदीवर कुणी तरी कुणाला साद घातली, ती विरली. चाफ्याची वाळकी पानं कुठं तरी टपटपली. दोरी हातात तशीच पडून होती. हा माणूस आज जेवला नाही, उद्या जेवला नाही, तर... उपदेशाची रेवणला आठवणही राहिली नव्हती. एकदा फक्त ओढा, तो मनातल्या मनात म्हणत होता. एकदाच.

दोरी थरथरली.

गळाला मासा नुसता हुंगून जावा, इतकीच.

मग ती ताठ झाली. हळूहळू, दमानं, सोललेल्या हातानं ओढावी तशी ती आत गेली. बोटभर. आणखी बोटभर. आत हौसाचा हुंदका ऐकू आला, आणि तिनं थाळी खाटेजवळ घेतल्याचा आवाज.

रेवणच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याला हसूही फुटलं. तो दगडावरून उठला, दोरी मनगटाला गुंडाळली आणि आनंदाच्या भरात दोन्ही हातांनी ओढली.

आत खाट करकरली.

"हळू, रेवण..." खिडकीतून महाराज म्हणाले. "या टोकाला माणूस आहे."