एकोणीस अमावास्यांचे बॅकअप

"…मग कुठला बॅकअप काढून टाकू, चाचा? तेवढं सांगा."

एका कंट्रोलरमध्ये सांडलेला चहा बशीरचाचा कापसानं पुसत होते.

मिरजेतलं हे दुकान आम्हा दोघांचं. अर्ध्यात ते व्हिडिओ गेम दुरुस्त करतात, अर्ध्यात मी घड्याळं. त्यामुळे इथं बोललेलं सगळं माझ्या कानावर पडतं, हवं असो वा नसो.

विचारणारा होता प्रसन्न ढवळे. कॉलेजात असताना चाचांकडेच शिकला. गेमच्या मशीनला कंपनीनं घातलेलं कुलूप कसं काढायचं, सगळी सिस्टीम एका मेमरी कार्डावर घेऊन कशी चालवायची, हे चाचांनीच त्याला दाखवलं. आता पुण्यात नोकरीला आहे. काम काय, तर बॅकअप सांभाळणं. हे त्यानं आल्या आल्या दोनदा ऐकवलं.

"कार्ड भरलं," तो म्हणाला. "विसावा बॅकअप टाकत होतो, अर्ध्यात अडकला. तेव्हापासून मशीन चालूच होत नाही."

"विसावा?" चाचांनी विचारलं.

"दर अमावास्येला एक करतो. आपल्याकडे गाड्या धुऊन नारळ फोडतात ना, तसं. विसरायला होत नाही."

"अन् ठेवतोस कुठं?"

"त्याच कार्डावर."

मला हसू आवरेना. अहो, घराची जादा किल्ली घरातच ठेवून हा पठ्ठ्या बाहेरनं कुलूप घालत होता! प्रसन्ननं माझ्याकडे रागानं बघितलं आणि पिशवीतली हार्डडिस्क काउंटरवर ठेवली.

"इथंही आहेत. सगळे एकोणीस, तारखेसकट."

चाचांनी कंट्रोलर बाजूला ठेवला.

"एवढं आहे काय त्यात, बेटा?"

"…फुटबॉल. दादाचा आणि माझा. सात सीझन झालेत. आठव्याची फायनल मध्यंतराला थांबलीय."

"मग संपवा की."

"वाटणीत भांडण झालं, चाचा. दीड वर्ष झालं, दादा बोलत नाही. मीही बोललो नाही." त्याचा आवाज बारीक झाला. "ती मॅच गेली तर आमच्यात काहीच राहत नाही."

चाचांनी थकल्यासारखा श्वास सोडला.

"बॅकअप कधी परत लावून बघितलास?"

"नाही. लावला अन् काही बिघडलं तर?"

"तुझ्या कंपनीत तरी?"

"तिथं त्याला वेगळी माणसं आहेत."

चाचांनी ड्रॉवरमधनं कोरं कार्ड काढलं आणि त्याच्यापुढं सरकवलं.

"लाव."

एकोणिसावा लावायला पाऊण तास गेला. मशीनचा लोगो आला, मग पडदा काळा झाला. अठराव्याचंही तेच. सतरावाही तसाच. माझी दोन घड्याळं दुरुस्त होऊन गिऱ्हाईक घेऊनसुद्धा गेलं, आणि हे दोघं काळ्या पडद्यापुढं बसून.

प्रसन्नला घाम फुटला होता. "असं कसं होईल? एकोणीस आहेत, चाचा!"

"नवा घेतोस कुठनं?"

"मागच्याची कॉपी करतो. नावातली तारीख बदलतो."

"मशीनवरनं का नाही?"

"त्याला दोन तास लागतात…"

म्हणजे बघा, मध्येच कधीतरी जे बिघडलं, तेच यानं पुढं दर अमावास्येला मोठ्या काळजीनं जपलं. एवढी भक्ती देवाची केली असती तर! मी हे बोलून दाखवणार होतो. पण पोराचं तोंड बघितलं आणि गप्प बसलो.

चाचांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पहिला?"

"पहिला भांडणाच्या आठवड्यातला. तुमच्यासमोर, मशीनवरनंच घेतला होता."

"लाव."

प्रसन्नचा हात पुढं येईना.

"हाही नाही लागला तर?"

"तर नाही लागला."

"चाचा, असं नका म्हणू…"

शेवटी प्रसन्ननंच कार्ड घातलं. पुन्हा पाऊण तास. मी डबा उघडला, त्याला भाकरी पुढं केली. त्यानं मानेनंच नको म्हटलं.

लोगो आला. गेला. पडदा काळा झाला…

आणि मग यादी आली. खेळांची अख्खी यादी. प्रसन्ननं फुटबॉल उघडला. आठवा सीझन, फायनल, मध्यंतर. दोन-दोन.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागला. चांगला बत्तीस वर्षांचा बाप्या, भर दुपारी, दुकानात. मी उगाच एका घड्याळाला किल्ली देत बसलो.

पडद्यावर खाली एक ओळ होती. दुसऱ्या खेळाडूनं कंट्रोलर जोडावा.

प्रसन्ननं डोळे पुसले. लगेच हार्डडिस्कची वायर हातात घेतली.

"थांबा, आधी ह्याचा नीट बॅकअप घेतो. आता मशीनवरनंच. दोन तास तर दोन तास."

चाचांनी ती वायर त्याच्या हातातून काढून घेतली.

"मग निदान चालतं का बघू." प्रसन्ननं काउंटरवरचा, चहा पुसलेला कंट्रोलर उचलून त्यांच्यापुढं धरला. "दादाच्या जागी तुम्ही धरा. नुसतं एक मिनिट."

चाचांनी कंट्रोलर घेतला. बटण काही दाबलं नाही.

"दादा असतो कुठं आता?"

"बुधगावात. सासऱ्यांच्या घराशेजारी." प्रसन्न खाली बघत म्हणाला. "का?"

चाचांनी कंट्रोलरला वायर गुंडाळली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधला आणि प्रसन्नच्या पिशवीत घातला. मग खुर्ची मशीनसमोर ओढली, गुडघ्यावर हात टेकत हळूहळू बसले, हार्डडिस्क जोडली.

"दोन तास मी बसतो इथं. तू पाचची बुधगाव बस गाठ."