करंजीची मुरड

फार वर्षांमागे एका गावात एक म्हातारी राहत होती. तिचे दोन मुलगे. अंगण एक, चुली दोन. चिंचेच्या एका फांदीवरून दोघे भांडले आणि बोलणे बंद झाले.

म्हातारीला एकच घोर लागला. भावावर राग धरून प्रभुभोजनाची भाकर घेऊ नये, हे तिनेच त्यांना शिकवले होते. नाताळ तोंडावर आला होता. पुढचा नाताळ आपल्याला दिसेल, याची तिला खात्री नव्हती.

तिने करंज्या केल्या आणि थाळी थोरल्याकडे नेली. "धाकट्यानं धाडल्यात."

थोरल्याने एक उचलून कड पाहिली. "आई, ही मुरड तुझी. लहानपणापासून खातोय मी."

"असू दे. देवाला तुमचा समेट हवाय ना? एवढं खोटं तो पोटात घालील."

"तो घालील. मला नाही जमत." थाळी परत आली.

इकडे धाकट्याचे मन आपसूकच निवळले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने करंज्या केल्या. मुरड ती सासूकडूनच शिकली होती. "आई, तूच नेऊन दे," धाकटा म्हणाला. "मला लाज वाटते."

थोरल्याने थाळीवरचा रुमालही काढला नाही.

"अरे, खरंच त्याच्या आहेत!"

"कालही खरंच होतं."

हे ऐकून धाकटा भडकला. "माझी थाळी परत? आता मेलो तरी जाणार नाही!"

 उघडत आलेले दार म्हातारीनेच लावून घेतले होते. तिने एका हातात थाळी घेतली, दुसऱ्याने धाकट्याचा हात धरला आणि थोरल्याच्या दारात उभी राहिली. "काल मी खोटं बोलले, आणि वर देवाचं नाव पुढे केलं. चूक माझी. आज मात्र खरं सांगते."

"आज तरी खरं कशावरून?"

 म्हातारी पायरीवर बसली. तिला तसे बघून धाकट्याचा राग उतरला.

"दादा, रुमाल तर काढ. माझी बायको डावखुरी आहे."

थोरल्याने रुमाल काढला. मुरड उलटी होती.  मग त्याने एक करंजी मोडून अर्धी भावाला दिली. "तिला म्हणावं, सारण कमी भर. फुटतायत."

नाताळला चर्चमध्ये दोघे एका बाकावर बसले. म्हातारी मात्र आधी पाळकांकडे गेली. आपली चूक सांगितल्यावाचून तिला भाकरीला हात लावायचा नव्हता. मुलांनी दोघांच्या मध्ये तिची जागा धरून ठेवली.

देवाचे काम खोट्याने करू नये. मागून येणाऱ्या खऱ्यावरही मग कोणी विश्वास ठेवत नाही.