सुगरणीचं घर, मुनियेचा दाणा

एका राज्यात पाऊस थोडा आणि माळ अफाट. तिथे हंसराज राजा राज्य करी. दुष्काळात रयत जगावी म्हणून त्याने चंडकेतू मांत्रिकाची सोनं देणारी पेटी आणून उघडली. पेटीत शाप होता. माळावरच्या गवताचा दाणा न् दाणा सोन्याचा झाला, राजाही सोन्याचा झाला. गुरं उपाशी, पाखरं उपाशी.

राजाचा धाकटा भाऊ वीरभान तलवार उपसून मांत्रिकाच्या गुहेत शिरला. तलवार सोन्याची होऊन वाकली.

"घाई केलीस," मांत्रिक म्हणाला. "तीन कामं कर. खरा दाणा आण. न मागता मिळालेलं पाणी आण. मग निवड कर. दाणा भावाच्या ओठांत ठेवून पाणी पाजशील तर भाऊ जगेल. मातीत पेरून शिंपशील तर माळ जगेल."

वीरभान माळ तुडवत निघाला. वाटेत एका धनगरणीने त्याचे सुकलेले ओठ पाहिले आणि पाण्याचा भोपळा पुढे धरला.

"राजवाड्यात तहान सांगायला शिकवत नाहीत वाटतं? घे, लेकरा."

तो अर्धं प्यायला, अर्धं त्याने राखलं.

पुढे बाभळीवर सुगरणीचं जुनं घरटं लोंबत होतं. त्यातून मुनिया डोकावली. मातकट पाठ, रुपेरी चोच, अंगठ्याएवढं पाखरू.

"शापाआधी मी आत गवताचे तुरे अंथरले होते," ती म्हणाली. "त्यात एक दाणा उरलाय. पिलांसाठी ठेवला होता. घेऊन जा."

वीरभान धावतच भावापाशी आला. दाणा ओठांशी नेला. मुनिया त्याच्या खांद्यावर बसली होती. तिने दाणा परत मागितला असता तर त्याने दिला नसता. पिलांचा दाणा देऊनही ती काहीच मागेना.

तो बाहेर गेला. दाणा पेरला, पाणी शिंपलं.

माळभर सोनं गळालं, खरे दाणे उरले. हंसराजाच्या अंगावरचंही सोनं उतरलं आणि त्याला एक श्वास मिळाला.

"पेरलास?"

"पेरला, दादा."

"शहाणा झालास रे."

श्वास संपला.

वीरभान सिंहासनाजवळ उभा राहिला. "हे दादाचं आहे."

"माझं घरही सुगरणीचं आहे," मुनिया म्हणाली. "ती विणून गेली. मी रोज तिची आठवण काढते आणि तुरे अंथरते."

तेव्हा वीरभान सिंहासनावर बसला. त्याच्या राज्यात सुगीची पहिली मूठ पाखरांसाठी माळावरच राहू लागली.

माळाला दाणा मिळाला, पिलांना चारा मिळाला. ऐकणाऱ्यांच्या घरीही कुणी विणून गेलं असेल, तर त्यांनी आत तुरे अंथरावेत.