ठकूबाईचं लुगडं पुराला पुरून उरलं

वडझिरे गावाच्या अलीकडच्या टेकडीवर मुक्तोबा महाराजांचा मठ होता. मठ आणि गाव यांच्यामध्ये ओढा, आणि ओढ्यातून गाडीवाट जाणारी दगडी फरशी. फरशीपाशी ठकूबाई नावाची एकटी बाई झोपडीत राहायची. महाराजांनी तिला सांगून ठेवलं होतं, "ठकू, फरशी पाण्याखाली गेली की वाट अडव. माणूस कितीही मोठा असो, जाऊ देऊ नकोस. आणि तू स्वतः पाण्यात पाय घालायचा नाहीस. तुला माझी शपथ आहे!"

अडवायला तिच्याकडे दुसरं काय असणार? जुनं नऊवारी लुगडं होतं, तेच ती दोन बाभळींना आडवं बांधायची. गाव हसायचं, "ठकूबाईचा जकात नाका!" हसणाऱ्यांचं काय जातं!

त्या वर्षी गौरी यायच्या दिवशी वडझिऱ्यात लख्ख ऊन होतं. पाऊस झाला होता वर डोंगरात. दुपार कलली आणि गढूळ लोंढा धडधडत आला, फरशी दिसेनाशी झाली. तेवढ्यात यमाजी देशमुखांची बैलगाडी आली. आत त्यांची सून अनसू, माहेराहून परतलेली, सातवा महिना लागलेली. तिच्या मांडीवर गौरींचे मुखवटे.

"सरकार, थांबा!" लुगडं आडवं बांधून उभी असलेली ठकूबाई ओरडली. "फरशी दिसत नाही."

"गुडघाभर पाण्याला भ्यायला मी काय तू आहे? शर्यतीचे बैल आहेत माझे!"

"बैल असतील हो शर्यतीचे. पण खालचा दगड जागेवर आहे की वाहून गेला, हे त्यांना कोण सांगणार?"

"मामंजी, पाणी उतरेपर्यंत थांबू या ना," अनसू हळूच म्हणाली.

"दिवे लागायच्या आत गौरी घरात गेल्या पाहिजेत! मुहूर्त टळला तर काय तो मठातला गोसावी भरून देणार?"

मिशा एवढ्या मोठ्या, पण त्या माणसाला कान म्हणून नव्हते! देशमुखांनी लुगडं ओढून टर्रकन फाडलं, अर्धं चिखलात भिरकावलं आणि गाडी पाण्यात घातली.

अर्ध्यात गेले आणि खालचा दगड नव्हताच! बैल घसरले, पाण्यानं गाडी उचलली. देशमुखांनी बैलांच्या मानेचे पट्टे, जोती कापली म्हणून बैल तरी पोहून निघाले. गाडी एका खडकाला अडकून कलंडली. "मामंजी!" अनसू किंचाळली.

ठकूबाई धावली. एक पाऊल पाण्यात पडणार, तोच शपथ आठवली. काळीज तुटत होतं, तरी बाई काठावर थांबली!

"महाराज, मला तुम्ही बांधून घातलंत. आता तुम्हीच बघा!"

तिनं उरलेल्या लुगड्याचं एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं रिकाम्या घागरीला, आणि घागर वरच्या अंगाला प्रवाहात फेकली. गाडी केवढी लांब, अर्धं लुगडं केवढंसं! पण काय सांगू, घागर पुढे चालली आणि लुगडं संपेचना! द्रौपदीला पुरलं तसं पुरलं हो, थेट अनसूच्या हातात!

तेवढ्यात मठातून महाराज आरती अर्धी टाकून शिष्यांसह धावत आले. "कुणी पाण्यात उतरायचं नाही! काठावरूनच ओढा!" सगळ्यांनी आधी अनसूला ओढलं, मग घागर पुन्हा सोडून देशमुखांना. त्यांचा पाय काठाला लागला आणि गाडी मुखवट्यांसकट वाहून गेली. लुगडं बघावं तर तेवढंच, फाटकं!

"गौरी गेल्या माझ्या!" देशमुख ऊर बडवू लागले.

महाराज म्हणाले, "गेल्या कुठे? एक ही समोर कुडकुडतेय. आधी तिला कोरडं नेसायला द्या."

देशमुख महाराजांच्या पायांकडे वाकले, तर महाराज मागे सरले. "मी आरती म्हणत होतो, बाबा. वाट अडवून कोण उभं होतं?"

पूर रात्रभर उतरला नाही. ठकूबाईच्या झोपडीतच दिवा लागला, तिथंच तिनं अनसूला कुंकू लावून घरात घेतलं. आणि सगळ्या गावाला वाकवणारे देशमुख दाराबाहेरच्या चिखलात गुडघे टेकून तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले.

"उठा सरकार," ठकूबाई म्हणाली, "ओल्यानं बाधेल. आत या, चुलीपाशी बसा."

पण ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत.